थकलेला सूर आणि श्रोत्याचे ऋण

वृद्ध गायकाची किंवा वादकाची मैफल प्रत्यक्ष ऐकायला माणसाने का जावे? ज्या गाण्यामुळे त्याचे नाव झाले ते गाणे घरबसल्या ऐकता येते. तेही त्याच्या ऐन भरातल्या आवाजात, हव्या त्या वेळी आणि हव्या तितक्या वेळा. मंचावर जो माणूस येतो त्याचे वय मात्र सत्तरी-ऐंशीच्या घरात असते. वरची पट्टी त्याला पेलत नाही, दम अपुरा पडतो, दोन गाण्यांच्या मध्ये तो खुर्चीवर टेकतो. तरीही माणसे तिकीट काढून, दूरचा प्रवास करून त्याच्यापुढे जाऊन बसतात. ही निव्वळ हौस म्हणावी, गेलेल्या दिवसांविषयीचा हळवेपणा म्हणावा, की माणसाचे माणसाविषयीचे काही कर्तव्यही त्यात दडलेले आहे? वरवर पाहता हा रसिकतेचा प्रश्न आहे. थोड्या खोलात शिरले तर तो नीतीचा प्रश्न ठरतो, असे मला वाटते. कारण आपण किंमत कशाची करतो, सुराची की सूर देणाऱ्या माणसाची, हे त्याच्या उत्तरावरून कळते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ आणि ‘फंक’ या संगीतप्रकारांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत हे संगीत भरास आले. त्या वेळी विशी-पंचविशीत असलेल्या कलावंतांपैकी बरेच जण आता आपल्यात नाहीत. जे आहेत ते वार्धक्यात आहेत. शिवाय हे संगीत साऱ्या देहाने करायचे. गळा, हात, पाय, घाम, श्वास असे सर्वस्व त्यात ओतावे लागते. देह थकला की त्याची झळ या संगीताला फार लवकर लागते.

सोलचा उगम चर्चमध्ये आहे. गुलामगिरीतून आलेल्या समाजाला रविवारच्या उपासनेत जो मोकळा श्वास मिळे, त्यातूनच ही गायकी घडली. १९५४ साली रे चार्ल्स यांनी एका भक्तिगीताच्या वळणावर प्रेमगीत बांधले, तेव्हा देवाचे सूर बाजारात नेले म्हणून श्रद्धाळूंनी त्यांना दूषणे दिली. अरीथा फ्रँकलिन या डेट्रॉइटच्या एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या कन्या. त्यांचा आवाज वडिलांच्या चर्चमध्येच तयार झाला. अल ग्रीन यांनी तर कीर्तीच्या शिखरावर असताना, १९७६ साली, मेम्फिस शहरात स्वतःची प्रार्थनामंडळी स्थापन करून धर्मोपदेशकाचे काम पत्करले. फंकची कथा थोडी निराळी आहे. जेम्स ब्राऊन यांनी सर्व वाद्यांना तालाच्या कामाला जुंपले. गिटार असो, ट्रम्पेट असो, की गायकाचा स्वतःचा हुंकार असो, प्रत्येकाने ठेकाच धरायचा आणि आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सारा जोर द्यायचा. भजनाला बसणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. समेवर येण्याचा आनंद त्याच्या अंगवळणी पडलेला असतो.

या जेम्स ब्राऊन यांच्या ताफ्यात १९६५ पासून क्लाइड स्टबलफील्ड नावाचे एक ड्रमवादक होते. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे आवाज ऐकत ते वाढले; त्या आवाजांतूनच आपल्याला ठेके सुचले, असे ते सांगत. १९६९ साली एका ध्वनिमुद्रणात इतर वाद्ये काही क्षण थांबली आणि त्यांनी एकट्याने ड्रम वाजवला. अवघ्या काही सेकंदांचा तो तुकडा. पुढच्या वीस वर्षांत ध्वनी कापून दुसरीकडे जोडणारी यंत्रे आली, तेव्हा तरुण संगीतकारांनी नेमका तोच तुकडा उचलला. हजाराहून अधिक गाण्यांच्या पायाशी तो वापरला गेला. मालकीहक्क ब्राऊन यांच्याकडे होते. त्यामुळे ज्यांच्या हातांनी तो ठेका जन्माला घातला, त्यांच्या पदरात त्यातले जवळजवळ काहीच पडले नाही. पैशापेक्षाही आपले नाव कुठेतरी लिहिले जावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्टबलफील्ड विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या मध्यम आकाराच्या शहरात स्थायिक झाले. तिथल्या साध्या क्लबांत ते वर्षानुवर्षे दर सोमवारी रात्री वाजवीत राहिले. पुढे मूत्रपिंडाचे दुखणे जडले, कर्करोगाने गाठले. तरी वाजवणे त्यांनी सहजासहजी सोडले नाही. त्यांच्या उपचारांचे सुमारे नव्वद हजार डॉलरचे देणे प्रिन्स या विख्यात संगीतकाराने गाजावाजा न करता फेडले होते. ही गोष्ट जगाला कळली ती २०१६ साली प्रिन्स यांच्या निधनानंतर. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, स्टबलफील्ड गेले. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली.

जगात कोट्यवधी लोकांनी या माणसाचा ठेका ऐकला. त्यावर ते नाचले, त्यावर कित्येकांनी धनही मिळवले. पण तो ठेका कुणाचा, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक होते. मी हे मेडशीत बसून लिहीत आहे. अकोल्याहून वाशिमला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव; इथे अमेरिकेतला कोणी वादक येण्याचा संभव नाही. तरी लग्नसराईत वरातीपुढे डीजेची गाडी धडधडत निघते, तेव्हा त्या गदारोळातल्या एखाद्या तुकड्यात स्टबलफील्ड यांचा ठेका नसेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ध्वनिमुद्रणाने जगावर मोठे उपकार केले आहेत. खेड्यापाड्यांतल्या गरिबाच्या कानावर थोरामोठ्यांचे गाणे पडले ते त्याच्यामुळेच. पण या उपकारासोबत एक धोकाही आला. सूर माणसापासून सुटा झाला. सुटा झालेला सूर वस्तूसारखा विकता येतो, कापता येतो, जोडता येतो, आणि तो जिथून आला त्या माणसाला विसरताही येते. मॅडिसनमध्ये सोमवारी रात्री जे थोडे लोक त्या क्लबात जाऊन बसत, ते नकळत या विस्मरणाविरुद्ध काहीतरी करीत होते. सुटा झालेला सूर ते त्याच्या धन्याशी पुन्हा जोडून घेत होते.

आपला या संगीताशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो ख्रिस्ती घरांतूनच गेलेला आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू हा की मिस्सासाठी वादक व गायक तयार व्हावेत. तिथे शिकलेली मुले पोटासाठी मुंबई-कलकत्त्याकडे निघाली. मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांत, संस्थानिकांच्या बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत ती रुजू झाली. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवण्यास आला, आणि पुढच्या काळात गोमंतकीय वादकांनी अशा ताफ्यांकडून जॅझचे धडे घेतले. चर्चमध्ये सूर गवसलेले दोन समाज असे मुंबईत एकमेकांना भेटले. चित्रपटसंगीतात गोमंतकीयांनी जे काम केले, त्याचे श्रेय पडद्यावरील नामावळीत त्यांना क्वचितच मिळाले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचे नाव घरोघर गेले ते १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यामुळे, पण ते नाव एका हयात वादकाचे आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत होते?

याच परंपरेत ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांचा जोड झाला. पेरी ट्रम्पेट व सॅक्सोफोन वाजवीत आणि गाणी रचीत, लॉर्ना गात. साठच्या दशकात मुंबई-कलकत्त्याच्या क्लबांत पाश्चात्त्य जॅझ गाणाऱ्या या आवाजाने कोंकणी गाण्याला नवे रूप दिले. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘नाचूंया कुंपासार’ ही गाणी गोमंतकीयांच्या प्रत्येक लग्नात वाजू लागली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ना मंचावरून दिसेनाशा झाल्या, त्या वीस वर्षांहून अधिक काळ. या साऱ्या काळात त्यांच्या ध्वनिमुद्रिका वाजतच होत्या. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्या लग्नांतही तोच तरुण आवाज वाजला. गाणारी बाई कुठे आहे, कशी आहे, हे विचारण्याची गरज बहुतेकांना भासली नाही. आवाज मिळत होता, तेवढ्याने भागत होते. शेवटी संगीतकार रॉनी मोन्सेरात यांनी त्यांना पुन्हा गाण्यास राजी केले आणि १९९५ साली गोव्यात त्या पुन्हा लोकांसमोर उभ्या राहिल्या. त्यांना ऐकण्यासाठी जनसागर लोटला. त्यानंतर अनेक वर्षे त्या गात राहिल्या. या जोडीच्या जीवनावरून स्फुरलेला कोंकणी चित्रपटही पुढे निघाला.

त्या समुदायाला नेमके काय हवे होते? अशा मैफलीला येणारे श्रोते दोन भावनांनी येतात, असे मला वाटते, आणि बहुधा दोन्ही भावना एकाच मनात नांदत असतात. पहिली भावना आपले तारुण्य परत मागण्याची. आपण विशीत असताना हे गाणे ऐकले, तेव्हा आपल्याला प्रीती जडली होती, आईवडील हयात होते, गुडघे दुखत नव्हते. ते सारे या गायिकेने घटकाभर परत द्यावे, अशी ही मागणी. तिच्यात पाप नाही, पण निष्ठुरता आहे. गायिकेनेही म्हातारे होऊ नये, असे ती न बोलता सुचवते. आवाज चिरकला की चुळबुळते. ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ असे म्हणत घरी जाते. दुसरी भावना निराळी असते. ती गायिकेला आज आहे तशी स्वीकारते. वीस वर्षांचे मौन, वाढलेले वय, जाडावलेला आवाज, हे सारे त्या गाण्यात उतरलेले असते, आणि दुसऱ्या प्रकारचा श्रोता तेही ऐकतो. तरुण गळ्यातून आलेले विरहगीत गोड वाटते; पण ज्याने खरोखर पुष्कळ गमावले आहे त्याच्या तोंडून तेच गीत ऐकताना आपण साक्ष ऐकत असतो. ही गोष्ट ध्वनिमुद्रिकेत सापडत नाही, कारण ध्वनिमुद्रिकेचे वय वाढत नाही.

२६ सप्टेंबर २०१५ रोजी फिलाडेल्फिया येथे जागतिक कुटुंब मेळाव्याच्या सोहळ्यात पोप फ्रान्सिस यांच्यासमोर अरीथा फ्रँकलिन यांनी देवाच्या कृपेचे जुने प्रसिद्ध इंग्रजी भक्तिगीत गायिले. त्या वेळी त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. हेच गीत त्यांनी १९७२ साली लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये गायिले होते आणि ते ध्वनिमुद्रण जगप्रसिद्ध आहे. दोन्ही ऐकून पाहावीत. पहिल्यात तेज अधिक आहे. दुसऱ्यात एक वृद्ध स्त्री आपल्या आयुष्याकडे वळून पाहत आभार मानते आहे, आणि ते आभार तिला उसने घ्यावे लागलेले नाहीत.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. थकलेल्या कलावंताला मंचावर आणणे हाच क्रूरपणा नव्हे काय? आयोजक पैसा करतात, श्रोते हळहळतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या असहायतेचे प्रदर्शन होते. आक्षेप खोटा नाही. आपल्या तमाशाच्या इतिहासात त्याचा पुरावा मिळतो. विठाबाई नारायणगावकरांनी दिवस भरलेले असताना फडावर नाच केला, मध्येच आत जाऊन बाळाला जन्म दिला आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही कथा महाराष्ट्र आजही कौतुकाने सांगतो. कौतुक करताना आपण हे विसरतो की पोटात भूक आणि डोक्यावर फडाचा भार असल्यावाचून कोणती आई असे करील? दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीला अखेरच्या दिवसांत उपचारांसाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. २००२ साली त्या गेल्या, आणि २००६ पासून त्यांच्या नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जाऊ लागला. मॅडिसनचे विद्यापीठ असो की महाराष्ट्राचे शासन, मानाचा अक्षता-नारळ कलावंताच्या हाती पडण्याआधीच तिरडी उचलली जाते. एका बाजूला अमेरिकेतला ड्रमवादक, दुसऱ्या बाजूला नारायणगावची नर्तकी. मध्ये सात समुद्र, पण दोघांच्या बाबतीत समाजाने चूक एकच केली.

म्हणून वृद्ध कलावंताच्या मैफलीला जाण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. मंचावर येण्याची इच्छा त्याची स्वतःची आहे की त्याची गरज त्याला ओढून आणते आहे? आणि तिकिटाच्या पैशांतून त्याच्या हाती बिदागी पडते काय? गरजेने ओढला गेला असेल, तर आपले पहिले देणे न्यायाचे आहे, टाळ्या त्यानंतर. पण इच्छा त्याची स्वतःची असेल, तर ‘आता आराम करा’ हा आपला सल्लाही एक प्रकारचा अपमान ठरतो. शाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले. त्या वेळी त्यांचे वय एकोणऐंशी होते. पंडित भीमसेन जोशी यांनी २००७ साली, प्रकृती साथ देत नसताना, आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ स्वतः सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात गायन केले. त्यांना घरी बसा म्हणणारे आपण कोण? ज्याने जन्मभर एकच काम केले, त्याला ते काम शेवटपर्यंत करू देणे आणि तो ते करीत असताना समोर बसून राहणे, हाही सन्मानाचा एक प्रकार आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ साली दोन पत्रे लिहिली. एप्रिलमध्ये कलावंतांना आणि ऑक्टोबरमध्ये वृद्धांना. तरुणपणी ते स्वतः रंगभूमीवर काम करीत असत, आणि वृद्धांना लिहिताना स्वतः एकोणऐंशी वर्षांचे होते. दोन्ही पत्रे एकत्र वाचली की त्यांतला दुवा लक्षात येतो: माणसाची प्रतिष्ठा त्याच्या कार्यक्षमतेवर अवलंबून नाही. २७ मार्च २००५ च्या पुनरुत्थान रविवारी ते खिडकीत आले, बोलण्याचा प्रयत्न केला, पण शब्द उमटले नाहीत. हातानेच त्यांनी आशीर्वाद दिला. खाली चौकात हजारो माणसे उभी होती. ती त्यांचा आवाज ऐकायला आली होती काय? आवाज तर उरला नव्हता. तरी त्या दिवशी तिथून कोणी रिकाम्या हाताने परतला असेल, असे मला वाटत नाही. वृद्ध कलावंतासमोर बसण्याचा अर्थ मला या प्रसंगातून अधिक कळतो. जे देता येत होते ते देऊन झाले आहे. आता उरलेला माणूस आपल्यासमोर आहे, आणि त्याच्यापुढे हजर राहणे एवढेच आपल्याला करायचे आहे.

हे सारे लिहिताना मॅडिसन आणि गोवा दूर आहेत याची मला जाणीव आहे. आपल्या वऱ्हाडातील धर्मग्रामांतल्या कुटुंबांना अशा मैफलींची तिकिटे परवडणारी नाहीत. पण ऋण फेडायला इतके दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या प्रत्येक गावात एखादा जुना बँडवाला असतो. त्याच्या क्लॅरोनेटवर तीन पिढ्यांची लग्ने लागलेली असतात आणि आता डीजेमुळे त्याची सुपारी बंद झालेली असते. भजनी मंडळात थरथरत्या बोटांचा मृदंगवाला असतो. चर्चच्या गायनवृंदात एखाद्या आजी असतात. सगळ्या गीतांच्या चाली त्यांनाच पाठ असतात, परंतु आवाज कापरा झाला म्हणून नव्या की-बोर्डवाल्या मुलांनी त्यांना हळूच मागच्या बाकावर बसवलेले असते. ही माणसे प्रसिद्ध नाहीत, म्हणून त्यांचे ऋण लहान ठरत नाही. त्यांनी आपल्या आनंदाच्या आणि मरणाच्या प्रसंगी सूर धरला होता.

त्यांच्यासाठी फार मोठे काही करायचे नाही. लग्नाच्या मांडवात अर्धा तास डीजे बंद ठेवून त्या क्लॅरोनेटवाल्याला वाजवू द्यावे, आणि पाकिटात घालताना हात आखडता घेऊ नये. चर्चच्या सणाच्या पत्रिकेत गायनवृंदातील प्रत्येकाचे नाव छापावे, सोडून गेलेल्यांचेही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला त्या आजींना पुढे बोलवावे आणि एक गीत त्यांच्या पट्टीत, त्यांच्या लयीत होऊ द्यावे. मुलांनी आपला वेग आवरून त्यांच्या मागोमाग जायला शिकावे. म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाशी आपला श्वास जुळवणे हे संगीताच्या कोणत्याही शिकवणीपेक्षा मोठे शिक्षण आहे. आजींचा सूर एखाद्या ठिकाणी घसरेल. तेव्हा कोणी कोणाकडे पाहून हसू नये. सगळ्यांनी मिळून तो सूर उचलून धरावा आणि गीत शेवटच्या कडव्यापर्यंत न्यावे.